अप्पांच्या गच्चीवरचं ग्रहण

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. मळणीच्या दिवशी कुसळं अंगाला चिकटतात आणि घरी गेल्यावर एकेक सापडत राहतं, तसे ते सापडतात. धर्मापुरीच्या शाळेतल्या माझ्या पहिल्या वर्षाचे किस्से मी अजून पदरातून वेचतेच आहे. त्यातले निम्मे एकाच चंद्रग्रहणाचे आहेत. सवातीन तासांचं ग्रहण, पण शाळेतले आम्ही चौघं भेटलो की त्यावर बोलायला दोन चहा पुरत नाहीत.

मी बंगळूरहून आले होते. जन्म अंबाजोगाईचा, पण दहाव्या वर्षापासून वसतिगृहात, आणि पुढे तिथेच फिजिक्समध्ये एम.एस्सी. माझ्या वर्गातल्या मुली कॉम्प्युटरच्या नोकऱ्या धरून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा मी दोन ट्रंका घेऊन उलट्या दिशेच्या गाडीत बसले. आपल्या जिल्ह्यात जायचं, विज्ञान शिकवायचं, अंधार घालवायचा, असं माझं ठरलं होतं. प्रत्यक्षात अंधार होता तो लोडशेडिंगचा, आणि त्याचं वेळापत्रक अप्पांच्या दुकानाच्या भिंतीवर लिहिलेलं होतं.

मला वाटलं होतं, इथल्या मुलांना आधी आकाशाची ओळख करून द्यावी लागेल. म्हणून पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात मी ऐटीत विचारलं, "सांगा बरं, आज चंद्र किती वाजता उगवेल?"

मग एक मुलगी उठली.

"मॅडम, आज वद्य षष्ठी. म्हंजी जेवणं उरकल्यावर, दहाच्या पुढं." मग जरा थांबून तिने काळजीने विचारलं, "तुमच्या तिकडं कधी उगवतो?"

मी एम.एस्सी. होते. आज तिथी कोणती, हे मला माहीत नव्हतं.

*

भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. शिवाय त्याच रात्री चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ येणार होता, त्यामुळे नेहमीपेक्षा जरा मोठा दिसणार होता. आता त्याला सुपरमून म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्याकडच्या पेपरातसुद्धा आला नव्हता.

मी स्टाफरूममध्ये हे जाहीर केलं आणि सांगितलं, "आपण सगळं गाव पटांगणावर बोलवू."

मुख्याध्यापक नागरगोजे सर भले गृहस्थ. ते वही काढून बसले. "सामान काय काय लागंल, मॅडम?"

"काही नाही, सर. डोळे पुरेत."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. सगळ्यांना फुकट दिसतं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मग लोक येतील कावून?"

सगळे तासाला गेले, तरी सुनंदा बसून राहिली. ती खालच्या वर्गांना शिकवायची. रंगीत खडूंनी तिने फळ्यावर काढलेला मोर पोरं आठ आठ दिवस पुसू द्यायची नाहीत. तिला सातवा महिना होता.

"मॅडम, गिरानात चंद्राचा रंग कसा व्हतो?"

"तांबूस."

"पुस्तकात काळा दाखवलाय."

"पुस्तक चुकलंय."

"मग खडू कोणता घेऊ? लाल का विटकरी?"

मला सांगता येईना. कारण खग्रास मीही कधी पाहिलं नव्हतं. बंगळूरला त्या रात्री हमखास ढग यायचे.

"मला बघायचाच हाय तो रंग," सुनंदा म्हणाली. "पण कोण बघू देतंय? आत्याबाईंनी आजच आतली खोली झाडून ठिवली."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, कोंडाबाई. गरोदर बाईने ग्रहणभर अंधाऱ्या खोलीत पाय सरळ सोडून पडून राहायचं. पाणी प्यायचं नाही, काही चिरायचं नाही, दुमडायचं नाही, रेघसुद्धा ओढायची नाही. नाहीतर लेकराला खोट येते, अशी समजूत.

"तू बघणार," मी म्हणाले. "ही माझी जबाबदारी."

असलं वाक्य माणूस तेविसाव्या वर्षीच बोलू शकतो.

*

रात्री शाळेत मुलं जमवायची तर परवानगी लागते. सरांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. विषय : खग्रास चंद्रग्रहण पाहण्यास परवानगी मिळणेबाबत.

अर्ज 'वर' गेला. वर म्हणजे नक्की कुठे, हे सरांनी कधी सांगितलं नाही. सांगताना ते छताकडे बोट करायचे.

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. सरांनी ते उभं राहून वाचलं, राष्ट्रगीतासारखं. 'सदर कार्यक्रम मंगळवारी येत असल्याने दुसऱ्या दिवशीच्या अध्यापनावर परिणाम होण्याची शक्यता आहे. तरी तो शनिवारी घेण्यात यावा.'

स्टाफरूममध्ये कुणी कुणाकडे बघेना. सरांनी पत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं,

"मॅडम, शनिवारी जमंल का?"

"सर, पौर्णिमा मंगळवारी आहे."

"तसं लेखी द्या."

मी लेखी दिलं. चंद्राच्या वतीने.

*

शाळेसमोर अप्पांचं किराणा दुकान. अप्पा लिंगायत; कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळांपासून रंगीत टीव्हीच्या अँटेनापर्यंत सगळं. शहरात नवीन काय निघालं हे आम्हाला अप्पांच्या दुकानात कळायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या सूर्यग्रहणाला अप्पांनी काळी फिल्म लावलेले पुठ्ठ्याचे चष्मे दोन खोकी भरून आणले होते. आणि सूर्यग्रहणाच्या दिवशी गाव दारं लावून घरात टीव्हीवर ग्रहण बघत बसलं. खोकी तशीच राहिली.

माझ्या चंद्रग्रहणाची बातमी कळल्यावर अप्पांनी ती खोकी झटकली आणि पाटी लावली : 'ग्रहणाचे चष्मे. सूर्य-चंद्र दोन्हीला चालतील.'

मी धावत गेले. "अप्पा, चंद्राला चष्मा लागत नाही. उलट यातून काहीच दिसणार नाही."

"गिरान ते गिरान, मॅडम. माल तोच हाय," अप्पा म्हणाले. "तुमी शास्त्राचं बघा, मी गिऱ्हाइकाचं बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेजण चष्मे परत करायला आले. मी दुकानातच होते. मला मनातून फार आनंद झाला.

"अप्पा, रात्री लावून बघितला. चंद्रच दिसंना ह्यातून."

अप्पांनी तराजूवरची नजर काढली नाही.

"गिरान लागलं का अजून? लागल्यावर दिसंल."

दोघंही चष्मे घेऊन परत गेले. एकाने जाताना भावासाठी आणखी एक घेतला.

*

खग्रास नीट दिसायचं तर गावातले दिवे बंद हवेत. मी वायरमनकडे गेले. मी दिसल्याबरोबर तो म्हणाला, "तक्रार परळीला करायची, मॅडम."

"तक्रार नाही. अर्ज आहे. मंगळवारी रात्री साडेदहा ते दोन लाइट घालवा."

त्याने अर्ज दोनदा वाचला आणि ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यावर बसला.

"अठरा वर्षं नोकरी झाली," तो म्हणाला. "लोकं दगड घिऊन आली, हार घिऊन आली. घालवा म्हणून कोणी आलं न्हाई." मग तो जरा हळवा झाला. "पर मॅडम, लाइट घालवणं माझ्या हातात न्हाई. आणणं बी न्हाई."

अर्ज त्याने घडी करून खिशात ठेवला. बायकोला दाखवतो म्हणाला.

त्या महिन्यात पहिल्यांदाच, ग्रहणाच्या रात्री, धर्मापुरीत मिनिटभरही लाइट गेली नाही. सगळे खांब लखलखत होते. दुसऱ्या दिवशी वायरमन भेटला तो छाती फुगवून.

"मॅडम, तुमचा कार्यक्रम होता ना? परळीला बोलून ठिवलतं. जाऊच दिली न्हाई लाइट."

*

आता कोंडाबाई.

तूर निवडताना खडा सापडावा तसं त्यांना समोरच्याच्या बोलण्यातलं पोकळ वाक्य सापडायचं. मी त्यांच्या ओसरीवर बसून पृथ्वी, सूर्य, चंद्र, सावली असं सगळं लिंबू आणि कंदील घेऊन समजावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि लिंबू परत घेऊन टोपलीत ठेवलं.

"सावली पडती हे खरं असंल, बाई. पर गिरानात मुसळ उभं ऱ्हातं. ते कोण धरतं?"

आमच्याकडे ग्रहण लागलं की परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ उभं करतात. ते कुणी न धरता उभं राहतं आणि ग्रहण सुटलं की पडतं, असं म्हणतात. पंचांग नसलेल्या घरांचं ते घड्याळ.

"मावशी, मुसळ कोणत्याही दिवशी उभं राहतं. त्याचा तळ सपाट असतो म्हणून."

"कोनत्याबी दिवशी?"

"कोणत्याही."

"मग उभं करून दावा. ऱ्हायलं तर सुनंदा बघंल तुमचं गिरान. माझा शबूद हाय."

इतका सोपा प्रयोग मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. मी म्हणाले, घरात कशाला, सगळ्या शाळेसमोर करू. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात परात मांडली. मुसळ अप्पांच्या घरून आणलं, कारण अप्पांच्या बायकोने, काशीआक्कांनी, ते हौसेने देऊ केलं. दीडशे पोरं, सगळे शिक्षक, मध्ये खुर्चीवर कोंडाबाई, आणि खांबाला टेकून सुनंदा.

मी भाषण केलं. गुरुत्वमध्य म्हणजे काय ते सांगितलं. मुसळ पाण्यात उभं केलं आणि हात सोडला.

ते पडलं.

पुन्हा उभं केलं. पुन्हा पडलं. चौथ्यांदा ते पडलं ते नागरगोजे सरांच्या अंगठ्यावर. सर एका पायावर दोन खोल्या पार करून गेले.

सातव्यांदा पडल्यावर कोंडाबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता, हाच जास्त त्रास.

"गिरान न्हाई. मग कसं ऱ्हाईल?"

दीडशे पोरांनी माना डोलावल्या. त्या वर्षी माझ्या हातून मुलांना इतकं स्पष्ट पटलेलं दुसरं काही नाही.

आमचे शिपाई रशीदमामा सरांच्या अंगठ्याला चिंधी बांधून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर हाय. मुसळ चुकीचं हाय." ते खरंच होतं. आक्कांच्या मुसळाची खालची लोखंडी कडी एका बाजूने झिजली होती. पण हे आम्हाला कळलं तेव्हा दीडशे घरांत निकाल पोचला होता.

सुनंदा माझ्यावर रागावली नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या, मॅडम. तुमी बघून सांगा मला रंग." आणि वर्गात जाऊन तिने फळ्यावरचा अर्धा काढलेला चंद्र पुसून टाकला.

त्या रात्री मी जेवले नाही.

*

मंगळवार उजाडला. दुपारपासून वेध लागले. घराघरांतल्या पाण्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीतसुद्धा तुळशीची पानं पडली. चारला पाऊस आला. साडेपाचला गेला. सहाला पुन्हा ढग. मी व्हरांड्यात उभी राहून आभाळाकडे बघत होते आणि रशीदमामा माझ्याकडे.

"मॅडम, आमच्यात गिरानात नमाज पढतात. तुमचं कोण पढतंय?"

साडेसहाच्या पुढे पूर्वेकडचे ढग फाटले आणि जुन्या देवळामागून चंद्र वर आला. केवढा तरी. पिवळाजर्द, परातीएवढा. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. नागरगोजे सर लंगडत माझ्याकडे आले.

"मॅडम, तुमी म्हणलात तसाच मोठा झाला हो."

खरं तर क्षितिजाजवळचा चंद्र दर पौर्णिमेला तेवढाच मोठा वाटतो. तो डोळ्यांचा भास असतो. जवळ आल्याने जो मोठा होतो, तो फरक नुसत्या डोळ्यांना कळणंसुद्धा अवघड. हे मी तिथे सांगायला हवं होतं. पण सात वेळा मुसळ पडलेल्या बाईला गाव पहिल्यांदाच मान देत होतं.

मी म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना?"

*

नऊच्या सुमाराला मी शेवटचा प्रयत्न करायला कोंडाबाईंकडे निघाले. पाया पडायचं, असं ठरवलं होतं. विज्ञान संपलं होतं.

त्या मला रस्त्यातच भेटल्या. एका काखेत वाकळ, दुसऱ्या हातात सुनंदाचं मनगट, आणि चाल अप्पांच्या घराकडे.

"कुठे निघालात, मावशी?"

"हिला अप्पाच्या घरी ठिवायला. त्यांच्यात सुतक न्हाई."

मला कळेना.

"गळ्यात लिंग हाय न्हवं त्यांच्या? त्यांना सुतकबी न्हाई आन् गिरानबी लागत न्हाई. सकाळी नळावर आक्का म्हनली, आमच्यात दिसभर चूल चालू हाय, पोरीला हिकडं धाडून दे. मी म्हनलं, खरंच की. पोरीला चार तास बिनपान्याची अंधारात कोंडण्यापरीस, जिथं गिरानच न्हाई तिथं ठिवली तर काय वाईट?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याच्या येळंला मी काढलीय अशी रात. पाय आखडून जीव जायची पाळी आलती. शत्रूवर येऊ ने."

मी हळूच विचारलं, "मग ती गच्चीवर जाऊन चंद्र बघू शकते?"

कोंडाबाईंनी माझ्याकडे बघितलं, ढ मुलीकडे बघावं तसं.

"त्यांच्या घरात गिरान न्हाई म्हनल्यावर तिथनं काय बगायचं ते बगू द्या की."

सुनंदा मान खाली घालून हसत होती. महिनाभर मी लिंबू, कंदील आणि गुरुत्वमध्य घेऊन जे दार ढकलत होते, ते बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं.

*

दहाला मी पटांगणावर. सतरंज्या अंथरलेल्या, दिवे लखलखत, आणि आलेली माणसं माझ्यासकट बारा. त्यात सर, रशीदमामा आणि वर्गात नेहमी पहिली येणारी मुलं.

सर अंगठ्याला चिंधी आणि डोळ्यांना अप्पांचा चष्मा लावून मधोमध उभे होते. सव्वादहाला त्यांनी हात वर केला.

"मॅडम, खग्रास झालं बघा."

"सर, अजून सुरू व्हायचंय."

"पार काळं झालंय की. काहीच दिसंना."

"चष्मा काढा, सर."

"जबाबदारीच्या पदावर हाय मी," सर म्हणाले. चष्मा तसाच राहिला.

तेवढ्यात समोरून गलका ऐकू आला. अप्पांच्या गच्चीवर माणसंच माणसं. कोंडाबाईंची युक्ती नळावरून गल्लीत आणि गल्लीतून गावात गेली होती. चार गरोदर बायका, त्यांच्या सासवा, तान्ही पोरं, म्हाताऱ्या, ज्यांना म्हणून ग्रहण सोसत नव्हतं ते सगळे ग्रहण नसलेल्या घरात आले होते. जिन्यापाशी अप्पा हात आडवा करून उभे.

"चपला खाली. आन् वर एका जागी गोळा हू नका, स्लॅब नवा हाय."

आमची नऊ मुलं मला न विचारता पळाली. मी सरांकडे बघितलं.

"कार्यक्रम पटांगणावर मंजूर हाय," सर म्हणाले.

"मंजूर शनिवारचा हाय, सर," रशीदमामा म्हणाले. "आज आपण मोकळे हावोत."

सरांनी विचार केला आणि सतरंजी काखेत मारली. पण दुखऱ्या अंगठ्याने सरांना चालवेना, म्हणून ग्रहणाचा पहिला तास आम्ही तिघांनी पटांगणाच्या कडेकडेने, थांबत थांबत, वर बघत काढला. मी त्यांना सोडून जाऊ शकत नव्हते. अंगठा माझ्यामुळे मोडला होता.

आम्ही वर पोचलो तेव्हा चंद्राची फक्त एक कोर उरली होती, नखाएवढी. अप्पांनी घराचा मेन स्विच पाडला. रस्त्यावरच्या दिव्यावर आक्कांनी बांबूने गोणपाट चढवलं. सुनंदा बाजेवर बसली होती, हातात आक्कांनी दिलेली भाकरी, आणि घास तोंडापर्यंत जाऊन थांबलेला.

मग ती कोरही गेली.

चंद्र गेला नव्हता. तो तिथेच होता, गोल, जवळ, आतून पेटल्यासारखा. भोवती अचानक इतक्या चांदण्या आल्या की म्हाताऱ्यांनी पदर सावरले. मी पाठ केलेलं भाषण होतं. ते कुठे गेलं कुणास ठाऊक.

खालून, गल्लीपलीकडच्या आपल्या अंगणातून कोंडाबाईंचा आवाज आला, "उभं ऱ्हायलं गं, मुसळ."

सुनंदाने कठड्यावरून वाकून सांगितलं, "आत्याबाई, तांबडा झाला."

"कसा तांबडा?"

मीही विचारलं, "कोणता खडू?"

"खडूत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "चुलीतला निखारा राख धरायलाय बघा, तसा हाय. ते कसं काढू?" आणि ती इतकी हसायला लागली की आक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

माझ्या शेजारी सरांनी चष्मा काढला. बराच वेळ वर बघत राहिले.

"आरारा," ते म्हणाले. "हे असं असतंय व्हय."

*

दोनच्या सुमाराला ग्रहण सुटलं. सगळ्या गावाने अंगणाअंगणात आंघोळी केल्या. मी खोलीवर येऊन पडले ती सहाला जागी झाले. रोज सहाला मी आंघोळ करते. बादली दाराशी भरलेली होती. दार उघडलं तर समोर कोंडाबाई, कडेवर पाण्याची कळशी.

"आंघूळ झाली का?"

"आता करणारच होते," मी म्हणाले, आणि माझा हात बादलीवरच थांबला. आज केली तर ती ग्रहणाची धरणार. आठवीच्या वर्गाला मी आठवडाभर सांगत होते की सावली कुणाला चिकटत नसते. अर्धा वर्ग बायांबरोबर रस्त्यावरून जाता जाता माझ्या अंगणात डोकावत होता.

"आज नाही करणार, मावशी."

"सुनंदा तुमच्यासंगं शाळंत निघाली हाय," कोंडाबाई म्हणाल्या. "तिला गिरान लागलं न्हाई. तुमाला लागलंय. तुमी पटांगणात हुत्या."

"पहिला तासभरच. नंतर मी गच्चीवरच होते. म्हणजे अर्धंच लागलं."

"अर्ध्या गिरानाला अर्धी आंघूळ नसती, बाई."

त्यांच्या पाठीशीच सुनंदा उभी होती. हातात कोळसा, वीट, गेरू, हळद, जे जे चुलीपाशी सापडलं ते सगळं एका फडक्यात बांधून आणलेलं. तिला तो चंद्र काढायचा होता, डोळ्यांसमोरून जायच्या आत, आणि आठवीचा मोठा फळा हवा होता. कोंडाबाईंचा हात मात्र तिच्यासमोर रेल्वेच्या फाटकासारखा आडवा.

सुनंदा माझ्याकडे बघत नव्हती. तिने फक्त फडक्याची गाठ सैल करून पुन्हा आवळली.

मी कोंडाबाईंच्या कडेवरची कळशी घेतली आणि तिथेच, अंगणात, सगळ्यांसमोर, साडीसकट डोक्यावर ओतली.

पहिला तास विज्ञानाचा होता.